जुन्या गाडीच्या बॉडीवर हॉट रॉड: मराठवाड्यातून वारंवार येणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड, परभणी या भागांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घाईत असाल तर आधी प्रश्न ३ वाचा, मग ग्राइंडर हातात घ्या.

१. हॉट रॉड म्हणजे नेमकं काय? जुनी गाडी नवी करण्यापेक्षा हे वेगळं कसं?

रिस्टोरेशनमध्ये गाडी कारखान्यातून निघाली तशी परत उभी करायची असते. हॉट रॉडमध्ये जुन्या गाडीची फक्त चेहरेपट्टी ठेवतात. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, बहुतेक वेळा चासीसुद्धा दुसरी. हा प्रकार अमेरिकेत कॅलिफोर्नियात वाढला. १९३० च्या दशकात तिथली पोरं म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर गाड्या पळवायची. १९३२ च्या फोर्डमध्ये ३.६ लिटरचं, ६५ हॉर्सपॉवरचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत आलं आणि तीच गाडी या छंदाची मूर्ती होऊन बसली. वजन घटवायला मडगार्ड काढले, हवा कमी अडावी म्हणून टप कापून खाली आणला (चॉपिंग), बॉडी चासीच्या बाजूंनी खाली उतरवली (चॅनेलिंग). आज दिसणारा तोंडवळा त्या गरजांतून आलेला आहे.

२. वाड्याच्या मागच्या गोठ्यात आजोबांची गाडी पडून आहे. तिचाच हॉट रॉड करू का?

गाडी पूर्ण असेल, म्हणजे इंजिन, चासी, दरवाजे, डॅशबोर्ड, दिवे जागेवर असतील, तर करू नका. अख्खी गाडी कापली की ती परत येत नाही, आणि मूळ अवस्थेतल्या गाडीला कायद्यातही वाट आहे (प्रश्न ३). हॉट रॉडसाठी योग्य तो नुसता सांगाडा: जिनिंगच्या आवारात किंवा मळ्यात पडलेली, इंजिन कधीच विकलं गेलेलं, चासी सडलेली अशी बॉडी. नक्की ठरत नसेल तर जागेवर काय काय आहे याची यादी करा आणि फोटो काढा. यादीत इंजिन आणि चासी दोन्ही असली तर ग्राइंडर खाली ठेवा.

३. असा हॉट रॉड रस्त्यावर चालवता येईल का? पासिंग होईल का?

चासी, इंजिन आणि बॉडी बदललेली गाडी सध्याच्या कायद्यात रस्त्यासाठी पास होत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा कडक अर्थ लावला. कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

“व्हिंटेज म्हणून नोंदवू” ही पळवाटही चालत नाही. जुलै २०२१ च्या नियमांत ५० वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज नोंदणी मिळते: नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. पण त्याच नियमांत अट आहे की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. हॉट रॉड नेमका तिथेच अडतो. शिवाय ती नोंदणी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल अशा कामांपुरती असते, रोज बाजारात जायला नाही.

भंगारातल्या जीपचं आरसी घेऊन त्यावर जुनी बॉडी चढवायचा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. आरसीवर बॉडीचा प्रकारही लिहिलेला असतो, त्यामुळे हा बदलही बेकायदाच. त्यासाठी चासी नंबर ठोकला, तर प्रकरण दंडाच्या पलीकडे फौजदारीत जातं.

मग उरतं काय? प्रदर्शन, बंदिस्त ट्रॅक आणि स्वतःची खाजगी जागा. तिथपर्यंत गाडी ट्रेलरवर किंवा टेम्पोत न्यायची. पाणंद रस्ता आपल्या शेताला लागून असला तरी लोकांना जायचा हक्क असलेला रस्ता आहे, तो खाजगी धरू नका.

४. अँबेसिडर किंवा पद्मिनीची बॉडी चालेल का? त्या तर सहज मिळतात.

मिळतात, पण दोन्ही मोनोकॉक आहेत. वेगळी चासी नाही. फरशी, बाजूचे सिल (दाराखालचे पट्टे) आणि खांब मिळूनच गाडीचं वजन पेलतात. त्यामुळे “बॉडी उचलून दुसऱ्या चासीवर ठेवू” हे वाक्य इथे लागू पडत नाही. फरशी कापली की बॉडी मधोमध वाकते आणि दरवाजे लागेनासे होतात. करायचंच असेल तर आधी आतून पाइपचा पिंजरा वेल्ड करा, मगच फरशी काढा, आणि नव्या चासीला सिलच्या संपूर्ण लांबीत आधार द्या. काम दुप्पट होतं.

नवशिक्याने वेगळ्या चासीची गाडी शोधावी: स्वातंत्र्याआधीच्या फोर्ड-शेव्हरोले, १९४० च्या दशकातल्या डॉज-प्लिमथ, किंवा विलीज जीप. शेव्हरोलेची जोडणी जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ पासून केली आणि डॉज-प्लिमथ पुढे कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये जोडल्या गेल्या. म्हणून जुन्या वाड्यांत आजही याच जातीचे सांगाडे सापडतात.

५. बॉडी बघायला जाताना काय तपासायचं?

सोबत चुंबक, टोच्या (टोकदार सळई), टॉर्च आणि टेप न्या. चुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे सुटतो तिथे पुट्टीचा थर आहे. दरवाजाची खालची चार बोटं, डिकीची कडा, विंडस्क्रीनखालचा पत्रा आणि मागच्या चाकावरची कमान इथे टोच्याने टोचा. कोरड्या हवेमुळे आपल्याकडचे सांगाडे कोकणातल्यापेक्षा बरे निघतात. मात्र चाकं काळ्या मातीत रुतून पावसाळे काढलेली गाडी खालून गेलेली असते. ती जॅकवर उचलून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

१९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक गाड्यांच्या, विशेषतः शेव्हरोलेच्या, पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असतो. मराठवाड्यात त्याचा शत्रू गंज नाही, वाळवी. दरवाजा उघडून बिजागरीच्या वरच्या कडेला अंगठ्याने दाबा. लाकूड बिस्किटासारखं खाली गेलं आणि मातीचा भुगा पडला, तर पत्रा नुसता आपल्या आकाराने उभा आहे असं समजा. अशी बॉडी उचलताना दुमडते. सांगाडा नव्याने करायला सागवान घ्या किंवा २५ मिमी चौकोनी पाइप वापरा. बाभूळ मजबूत खरी, पण जड असते आणि वाळताना पिळते, बैलगाडीलाच ठीक.

६. जुनी चासी ठेवावी की नवी बनवावी?

जुनी चासी सरळ आणि गंजरहित असेल तर तिला आतून पट्ट्या टाकून बॉक्स करा, म्हणजे ‘सी’ आकाराची बाजू बंद करा. त्याने पिळाला विरोध वाढतो. वेल्ड सलग ओढू नका. ४०-५० मिमीचे तुकडे आलटून-पालटून मारा, नाहीतर बाजू केळ्यासारखी वाकते.

नवी करायची तर १०० × ५० × ४ मिमीचा चौकोनी पाइप घ्या, आयएस ४९२३ या भारतीय मानकाचा. मीटरला साधारण साडेआठ किलो भरतो. सहा मीटरच्या दोन लांब्यांत दोन्ही बाजू होतात, तिसरीत आडव्या पट्ट्या. जालन्यात पोलादाच्या इतक्या भट्ट्या असताना सळई वापरली तर काय, असं बरेच जण विचारतात. सळई काँक्रीटमध्ये ताण घ्यायला असते. चासीला, ब्रॅकेटला, स्टीयरिंगच्या जोडाला ती कुठेच चालत नाही.

जोडणी सपाट टेबलावर करा. टेबल नसेल तर काँक्रीटच्या फरशीवर सहा घोड्या ठेवा आणि गवंड्याच्या पाण्याच्या नळीने त्यांची डोकी एका पातळीत आणा. मध्यरेषा दोरीने मारा, एक्सलचे बिंदू ओळंब्याने फरशीवर उतरवा. दोन्ही कर्ण मोजा. फरक ३ मिमीच्या आत आला पाहिजे. सगळं आधी टाके मारून उभं करा. पूर्ण वेल्ड सर्वांत शेवटी.

७. कामाचा क्रम काय ठेवायचा?

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे रंगापासून सुरुवात करणं. क्रम असा:

१) बॉडी जुन्या चासीवर असतानाच आतून २५ मिमी चौकोनी पाइपने बांधा: दाराच्या चौकटीत उभे-आडवे, शिवाय कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे. दरवाजे बंद ठेवून, फटी मोजून मगच वेल्ड करा. नट-बोल्ट त्यानंतर खोला.
२) चाकं आणि टायर आधी घ्या. गाडीची उंची त्यांच्यावरून ठरते.
३) चासी, एक्सल, इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, स्टीयरिंग, सीट आणि बॉडी असं सगळं कच्चं बसवा. सीटवर माणूस बसवून बघा. गुडघा स्टीयरिंगला लागतो का, पाय क्लचवर पुरतो का?
४) ब्रेकचे पाइप, सायलेन्सर आणि वायरिंगचे रस्ते आखा. भोकं आत्ताच पाडा.
५) बिनरंगाची गाडी आवारात चालवा. गळती, खडखड, घासणं इथेच कळतं.
६) परत सगळं खोला, पूर्ण वेल्ड करा, रंगवा, जोडा.

पाचवी पायरी गाळली की रंगवलेल्या चासीवर पुन्हा ग्राइंडर फिरतो. बहुतेक जण तीच गाळतात.

८. इंजिन कोणतं टाकावं? अमेरिकन व्ही-८ मागवायचं का?

तयार हॉट रॉडचं वजन ८०० ते १,००० किलोच्या आसपास राहतं, त्याला व्ही-८ ची गरज नाही. पुढच्या इंजिनाने मागची चाकं फिरवणारी गाडीच दाता (जिचे भाग काढून घ्यायचे ती) म्हणून बघा. जिप्सीचं १,२९८ सीसी पेट्रोल हलकं आहे आणि इंजेक्शनवालं ८० हॉर्सपॉवर देतं. कॉन्टेसातलं १.८ लिटर इसुझू पाच गिअरच्या बॉक्ससह मिळालं तर तोंडवळ्यालाही शोभतं. बोलेरो-क्वालिसची डिझेल इंजिनं दमदार आहेत, सुटे भाग तालुक्याला मिळतात. पण ती जड असतात, पुढचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) त्या हिशेबाने घ्यावे लागतात आणि आवाज हॉट रॉडचा येत नाही. इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंगचा जुडगा, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि किल्ली एकाच गाडीतून घ्या. वेगवेगळ्या भंगारवाल्यांकडून गोळा केलेलं इंजेक्शन इंजिन सुरू करण्यात महिने जातात.

मागच्या हाउसिंगचं (मागच्या एक्सलचं) गिअर रेशो बघितल्याशिवाय उचलू नका. ७० सेंमी व्यासाचा टायर, ताशी ८० किमी, टॉप गिअर सरळ (१:१): ३.९ च्या रेशोला इंजिन २,३६० च्या आसपास फिरतं. तेच जुन्या सीजे-३बी जीपच्या ५.३८ च्या हाउसिंगला ३,२६० वर जातं. जीपचं हाउसिंग भक्कम, पण गाडी सतत ओरडत राहते.

हाउसिंगची स्प्रिंग-गादी वेल्ड करण्याआधी पिनियनचा (हाउसिंगच्या तोंडाशी असलेल्या गिअरचा) कोन मोजा. गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत, आणि क्रॉसवर (शाफ्टच्या टोकाच्या सांध्यावर) १ ते ३ अंशांचा कोन पडावा. जास्त झाला तर ठरावीक वेगाला फरशी थरथरते. शून्य झाला तर क्रॉसच्या सुया एकाच जागी बसून खड्डे पाडतात.

९. ट्रॅक्टरचं इंजिन बसवलं तर? ते घरीच आहे.

नको. ट्रॅक्टरचं इंजिन साधारण २,२०० फेऱ्यांच्या आसपास बांधलेलं असतं, वरच्या ३.९ च्या हिशेबाने टॉपमध्ये ताशी ७५ सुद्धा गाठत नाही. दुसरी अडचण मोठी आहे. बहुतेक ट्रॅक्टरांत इंजिनाचा ब्लॉकच चासीचं काम करतो, त्याला गाडीसारखे रबरी माउंटिंग नसतात. ते बनवून घेतले तरी एवढ्या जड लोखंडाचं वजन पुढच्या एक्सलवर पडतं, आणि प्रश्न १२ मधली सगळी दुखणी मागे लागतात.

१०. टप किती कापावा? आणि कसा?

पहिल्यांदा करणाऱ्याने ७५ मिमीच्या पुढे जाऊ नये. उभ्या खांबांची १९३१ पर्यंतची बॉडी सोपी: खांबातून पट्टी काढा, टप सरळ खाली बसतो. तिरक्या खांबांच्या १९४०-५० च्या गोल गाड्यांत टप खाली येताच खांबांची तोंडं जुळत नाहीत, कारण खांब वर जाताना आत कलतात. तिथे टप मधून कापून लांबवावा लागतो. हे काम अनुभवी डेंटरशिवाय सुरू करू नका.

आतला पिंजरा (प्रश्न ७) टपाला नव्हे, कमरेच्या रेषेखाली (खिडक्यांच्या खालच्या कडेखाली) बांधा. प्रत्येक खांबावर मास्किंग टेपच्या दोन समांतर रेघा मारा, मधलं अंतर नेमकं ७५ मिमी. बाहेरचा आणि आतला पत्रा एकाच रेषेत न कापता ३०-४० मिमी वर-खाली कापा, म्हणजे जोड एका जागी दुबळा राहत नाही. दरवाजाची चौकट खांबासोबतच कापायची. “दरवाजे नंतर बघू” म्हणणाऱ्याचे दरवाजे कधीच लागत नाहीत.

काचेचा विचार कापण्याआधी करा. लॅमिनेटेड सपाट काच कापता येते. टेम्पर्ड काच कापायला गेलात की भुगा होतो. पुढची काच लॅमिनेटेडच हवी. वक्र विंडस्क्रीनची गाडी असेल तर टप कापणं सोडून द्या, कारण तशी काच बनवून मिळणं फार अवघड.

११. गंज कसा काढू? सँडब्लास्टिंगवाला “एका दिवसात करून देतो” म्हणतो.

चासी, एक्सल, ब्रॅकेट खुशाल द्या. दरवाजा, टप, बोनेट यांचा सपाट पत्रा देऊ नका. जोरात वाळू मारली की पत्रा ताणला जातो आणि डब्याच्या झाकणासारखा टकटक आत-बाहेर होऊ लागतो. तो बसवायला डेंटरचे आठवडे जातात. पत्र्यावर रंग काढायचं केमिकल आणि वायर ब्रश बरा.

छोट्या भागांना धुण्याच्या सोड्याचं पाणी वापरा: प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये ४ लिटरला एक मोठा चमचा वॉशिंग सोडा. भाग बॅटरी चार्जरच्या निगेटिव्हला, जुन्या लोखंडी पट्ट्या पॉझिटिव्हला, दोन्ही एकमेकांना लागू न देता. स्टेनलेस पट्टी कधीच नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा आणि जवळ बिडी पेटवू नका. साखर कारखान्याची मळीही गंज खाते: एक भाग मळी, नऊ भाग पाणी, दोन आठवडे. वास मात्र शेजारी सहन करणार नाहीत. ॲल्युमिनियमचे भाग यात बुडवले तर ते खाल्ले जातात. मळी उत्पादन शुल्क खात्याच्या नियंत्रणात येते, तेव्हा ड्रमच्या ड्रम आणायच्या भानगडीत पडू नका.

सडलेला पत्रा बदलताना १.२ मिमीची सीआर शीट (थंड लाटलेला पत्रा) घ्या (८ × ४ फुटांची एक शीट सुमारे २८ किलो). सीओटू वेल्डिंगला ०.८ मिमीची तार, एका ठिकाणी १०-१५ मिमीपेक्षा जास्त नाही, लगेच दुसऱ्या टोकाला. पुट्टी ३ मिमीच्या वर गेली की ऊन-थंडीत तडकणारच.

१२. ताशी ५०-६० ला स्टीयरिंग जोरात थरथरतं. मिस्त्री म्हणतो टायर बदला.

टायर बॅलन्स करून घ्या, पण सरळ एक्सलच्या गाडीत हे दुखणं बहुधा भूमितीचं असतं. पुढचं टोक उचलून चाक वर-खाली धरून हलवा. हालचाल जाणवली तर किंगपिनचे (ज्या उभ्या पिनीवर पुढचं चाक वळतं तिचे) बुश गेलेत. मग कॅस्टर मोजा: किंगपिनचं वरचं टोक मागे कललेलं हवं, ५ ते ७ अंश. गाडीला रेक (पुढे झुकलेला पवित्रा) द्यायला मागची बाजू उचलली की एक्सलही पुढे कलतो आणि कॅस्टर निम्म्यावर येतो. हे सगळ्यांत जास्त वेळा घडतं, आणि सगळ्यांत कमी वेळा मोजलं जातं. पाटे आणि एक्सलच्या मध्ये पाचर टाकून तो परत आणता येतो. टो-इन (पुढच्या चाकांची पुढची कड आत वळलेली असणं) २ ते ३ मिमी ठेवा.

पुढे आडवा एकच पाटा असेल तर पॅनहार्ड रॉड (एक्सलला चासीशी आडवा बांधणारा दांडा) हवाच. नसला तर बॉडी एक्सलवर डाव्या-उजव्या बाजूला डुलते आणि स्टीयरिंग आपोआप फिरतं. खड्ड्यात गाडी एका बाजूला ओढत असेल तर ड्रॅग लिंक (स्टीयरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) बघा. ती जितकी तिरकी, तितका धक्का हातात येतो.

स्टीयरिंगचा आर्म गॅसने तापवून वाकवून देतो, असं कुणी म्हणालं तर गाडी परत घेऊन या.

१३. ब्रेक मूळचेच ठेवले तर चालेल?

नाही. जुन्या गाड्यांत एकच सर्किट असतं; एक पाइप फुटला की चारही चाकं मोकळी. दुहेरी मास्टर सिलिंडर लावा, पुढचं-मागचं वेगळं. बूस्टर नसेल तर पेडलचं प्रमाण ६:१ च्या आसपास ठेवा: पिनपासून पायाच्या पट्टीपर्यंत ३०० मिमी असेल, तर पुशरॉड पिनपासून ५० मिमीवर.

हॉट रॉडमध्ये मास्टर सिलिंडर अनेकदा फरशीखाली जातो, म्हणजे चाकांवरच्या सिलिंडरपेक्षा खाली. मग उभ्या गाडीत तेल मागे येतं आणि सकाळी पेडल पहिल्या दाबाला खाली जातं. त्यावर रेसिड्युअल व्हॉल्व्ह (पाइपात थोडा दाब धरून ठेवणारा): डिस्कला २ पीएसआय (दाबाचं माप), ड्रमला १०. अदलाबदल झाली तर डिस्क सतत घासून तापते. तेल भरायला फरशीत झाकण ठेवा. पाइप स्टीलचे ४.७५ मिमी, फ्रिजवाल्याकडचा तांब्याचा पाइप थरथरीने तडकतो. हँडब्रेक पायाच्या ब्रेकपासून स्वतंत्र, तारेने चालणारा हवा.

१४. एप्रिल-मे मध्ये गाडी उकळते. रेडिएटर मोठा टाकला तरी तेच.

४२-४३ अंशांच्या दुपारी हॉट रॉडची अरुंद जाळी पुरत नाही, पण रेडिएटर मोठा करण्याआधी फॅनभोवतीचा पत्र्याचा घेर बघा. घेर नसेल तर फॅन हवा रेडिएटरमधून न ओढता आजूबाजूची तीच गरम हवा फिरवतो. फॅनची पाती घेराच्या अर्धी आत, अर्धी बाहेर असावीत.

दुसरं कारण उंचीचं. बॉडी खाली बसवल्यावर रेडिएटरचं डोकं इंजिनाच्या हेडपेक्षा खाली येतं आणि हवा हेडमध्ये अडकते. यावर उपाय म्हणजे सगळ्यांत उंच जागी वेगळी टाकी, तिच्यावरच दाबाचं झाकण. १३ पीएसआयचं झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे २० अंशांनी वर नेतं. टायमिंग मागे गेलेलं असेल तरीही इंजिन तापतं, तेही तपासून घ्या.

बोअरचं पाणी भरू नका. त्यातल्या क्षारांचा थर ब्लॉकच्या आत बसतो, जसा घागरीला आतून बसतो. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट अर्धं-अर्धं. जिनिंगच्या परिसरात सरकी-कापसाचा तूस आणि सुगीत मळणीयंत्राचा भुसा जाळीत अडकतो. इंजिनाच्या बाजूने बाहेर, कमी दाबाने पाणी मारा.

१५. दुपारी पंपावर थांबलो की परत सुरू होत नाही, तासाभराने होते. कार्बोरेटर बदलू?

आधी पेट्रोलचा पाइप बघा. तो इंजिनाच्या अंगाने जात असेल तर थांबल्यावर पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो. पाइप सायलेन्सरपासून दूर न्या, टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप लावा, जमल्यास टाकीकडे परतीचा पाइप टाका.

आता मिळणारं पेट्रोल ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं. जुने रबरी पाइप, पंपाचे पडदे, कॉर्कचे वॉशर त्यात फुगतात किंवा ठिसूळ होतात; इथेनॉल चालेल असंच रबर घ्या. इथेनॉलला जाळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं: इंजिन खोकतं, तापतं. मुख्य जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) दोन-तीन नंबर मोठा करून स्पार्क प्लगचा रंग बघा. पांढराफटक असेल तर अजून पातळ आहे. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

१६. जुनी वायरिंग आणि ६ व्होल्टची सिस्टिम वापरता येईल?

फेकून द्या. कापडी आवरण उंदरांनी आधीच निम्मं खाल्लेलं असतं. नव्या इंजिनाबरोबर १२ व्होल्ट, बॅटरीपासून एका हातावर मुख्य फ्यूज, हेडलाइटला रिले. जुन्या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ असू शकतं, तेव्हा मूळचा मीटर किंवा हॉर्न ठेवताना तपासा. लाकडी सांगाड्याच्या बॉडीत अर्थ आपोआप मिळत नाही: इंजिन ते चासी आणि चासी ते बॉडी वेगळी पट्टी जोडा. दिवे मंद लागण्याचं निम्मं कारण तिथेच असतं.

१७. रंग कधी मारावा?

दिवाळी ते होळी. मे महिन्यात पत्रा इतका तापतो की रंग उडतानाच वाळतो आणि संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. पावसाळ्यात ओल धरते. थंडीत दव वाळल्यावर, नऊनंतर सुरुवात करा. आधी फरशीवर पाणी मारा, धूळ बसते. टू-के (दोन भाग मिसळायच्या) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. रुमाल बांधून चालत नाही, केमिकलचा मास्क लागतो.

१८. किती वेळ आणि किती पैसे लागतील?

रविवारच्या रविवार काम केलं तर दीड-दोन वर्षं धरा. खर्चात बॉडी सगळ्यांत स्वस्त आणि डेंटरची मजुरी सगळ्यांत महाग. म्हणूनच प्रश्न ५ मधल्या टोच्याने जितके पैसे वाचतात तितके घासाघीस करूनही वाचत नाहीत. काचा, क्रोम आणि कुशन शेवटी येतात, तोवर खिसा रिकामा झालेला असतो. त्यांचे पैसे पहिल्या दिवशी बाजूला काढा. डेंटरला ठोक बोलीवर काम देऊ नका, टप्प्याटप्प्याने द्या आणि प्रत्येक टप्प्याला फोटो मागा.

१९. चासी नंबर पुसट झालाय. परत ठोकून घेऊ का?

हात लावू नका. ठोकलेला नंबर म्हणजे चोरीच्या गाडीचा संशय. आधी गंज सोड्याच्या पाण्याने किंवा मऊ पितळी ब्रशने काढा. ग्राइंडर, फाइल, सँडब्लास्टिंग त्या जागेपासून एक वीत लांब. मग कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा; डोळ्याला न दिसणारे आकडेही बऱ्याचदा उमटतात. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, तेव्हा त्याआधीच्या गाडीच्या कागदांवर त्या राज्याची नोंद असू शकते. असा जुना कागद, कराची पावती, जे सापडेल ते जपून ठेवा. मूळ आरसी हरवलं असेल तर पोलिसांत नोंद करून दुय्यम प्रतीसाठी आरटीओत नमुना २६ भरावा लागतो. अर्ज मालकाच्या नावानेच करायचा, आणि मालक हयात नसेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी करून घ्यायची. पेन्सिलची छाप घेतल्यावर नंबरावर लगेच ग्रीस चोपडून ठेवा.